“आज नळी काढाल का?” हे मी डॉक्टरांना रोज सकाळी विचारू लागले, ते नंतर.

आधी आजाराचं नाव कळलं. “गुईलान-बारे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले आणि माझा चेहरा बघून मराठीत सांगू लागले. शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच चुकून स्वतःच्या नसांवर हल्ला करते. आधी पाय जातात, मग हात, कधी श्वासाचे स्नायूही. “बहुतेक रुग्ण सुधारतात. पण कधी, ते विचारू नका.”

मी नेमकं तेच विचारलं.

माझे पती दानिएल यांच्या पायांना काही दिवस मुंग्या येत होत्या. धानाची कापणी चालू होती. वाकून वाकून झालं असेल म्हणून सासूबाईंनी गरम तेल चोळलं. तुम्ही तेलावर थांबू नका. मुंग्या वर चढत असतील आणि पायरी चढवत नसेल, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

सिहोऱ्याहून भंडाऱ्याला पोचेपर्यंत त्यांना उठून बसता येईना. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसा किती चालतात ते पाहिलं. मग आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून दिली. तरी श्वास कमी पडला. व्हेंटिलेटर लावला. पुढे ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वासाची नळी घातली. आवाज बंद झाला. पापण्या तेवढ्या हलत. एकदा मिटल्या तर हो, दोनदा तर नाही, असं ठरवलं.

बाहेर आगमनकाळ सुरू झाला होता, नाताळाआधीचे चार रविवार. आमच्या घरी परातीत नवं धान पसरून त्यात चार मेणबत्त्या उभ्या करतात. दर रविवारी एक जास्त पेटते. जखऱ्याचा उतारा दानिएल वाचत. देवदूताच्या शब्दावर विश्वास बसला नाही म्हणून मूल जन्मेपर्यंत मुका राहिलेला तो म्हातारा याजक. यंदा तो उतारा मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर वाचला आणि पुस्तक मिटलं. यांनी कशावर अविश्वास दाखवला होता?

दुसऱ्या रविवारी कपडे न्यायला घरी गेले, तर चारही मेणबत्त्या जळत होत्या.

“आई, हे काय?”

“देवाले म्हणलं, जरा घाई कर,” सासूबाई म्हणाल्या.

“असं थोडी होते. नाताळ का उद्या येते?”

“अन् तू काय करून राहिली व? रोज सकाळी त्या डाक्टरच्या मागं लागते, आज नळी काढता का म्हणून. तो नाई कटाळला असन?”

मी दोन मेणबत्त्या विझवल्या. त्यांनी विझवू दिल्या.

आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात वीनिंग सुरू केलं, म्हणजे यंत्राचा आधार थोडा थोडा कमी करणं. पहिला प्रयत्न फसला. धाप, घाम, पुन्हा यंत्र. “नसा त्यांच्या वेगानं भरतात,” डॉक्टर म्हणाले. “आपण फक्त सांभाळायचं.” मला काम द्या, मी करते. इथे मला कामच नव्हतं. जखऱ्या मुका असताना त्याची बायको अलीशिबा पहिले पाच महिने एकांतात राहिली, एवढंच शुभवर्तमानात आहे. त्या घरात ती दिवसभर काय करत होती, हे कुणी लिहिलेलं नाही.

‘नाताळापर्यंत घरी आण’ अशी प्रार्थना आमची सगळी मंडळी करत होती. नाताळ आला. हे यंत्रावरच होते.

भेटीच्या वेळेला आत गेले. वचन वाचू? पापण्या दोनदा मिटल्या. प्रार्थना करू? दोनदा. पाय दाबून देऊ? दोनदा. मला रागच आला.

“मग काय, नुसती बसू?”

एकदा.

स्टूल ओढून बसले. हात मांडीवर ठेवले. काही मागितलं नाही, त्यांच्याकडेही नाही आणि वरही नाही. मला हे आधी कधी जमलं नव्हतं. जवळच्या कुणावर ही वेळ आली, तर तुम्हीही बसून बघा. सोपं नाही.

यंत्र अजून सुटलेलं नाही. डॉक्टरांना मी नळीचं विचारणं सोडलं आहे.

त्या दिवशी सिस्टर वेळ संपल्याचं सांगायला आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.