अपीलवरची माणसं

कर्जतच्या कोर्टात वकिली करायला लागल्यापासून घरी एक ठरलेलं झालंय. जेवताना सासूबाई विचारतात, "आज काय नवीन गं?" मी म्हणते, "काही नाही." आणि आमटी दुसऱ्यांदा वाढेपर्यंत तीन किस्से सांगून झालेले असतात! पण काही किस्से असे, की सांगता सांगता घास हातातच राहतो. त्यातले बरेचसे अपीलवरच्या माणसांचे. म्हणजे इथं शिक्षा झाली, वरच्या कोर्टात अपील टाकलं आणि निकाल लागेपर्यंत माणूस जामिनावर बाहेर. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे रफीकवकील म्हणतात, "मॅडम, ही माणसं स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी राहतात!"

*

कशेळ्याच्या पुढं राहणारी एक मावशी. नवऱ्याला मारामारीच्या केसमध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. "एक वर्ष" एवढंच ऐकलं आणि ही कोर्टातून जी पळाली, ती दिसेनाच. मी तिथल्या तिथं अर्ज दिला. शिक्षा लहान, त्यामुळं अपिलासाठी त्याच कोर्टानं जामीन दिला. दुपारी माणूस मोकळा! बायकोला इकडं तिकडं शोधलं, आणि शेवटी तो जीपनं घरी गेला.

संध्याकाळी मावशी हजर. हातात पिशवी. पिशवीत दोन शर्ट, चादर आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी म्हटलं, "मावशी, सुटले ते! घरी गेले!" ती खाली बसून रडायलाच लागली.

"अहो, आता कशाला रडता?"

"रडू नको तर काय करू, बाई! मानूस सुटून घरी गेला, आनि घराला माजं कुलूप हाय!"

*

दोन भाऊ. शेताच्या बांधावरून धाकट्यानं थोरल्याचं डोकं फोडलं. फिर्याद थोरल्याची. धाकट्याला शिक्षा झाली. अपिलासाठी जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना, म्हणून तो आतच. त्यांची आई रोज आम्हा वकिलांच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसायची.

एक दिवस जामीनदार मिळाला. पिंजऱ्यात उभा राहिला तो थोरलाच! जजसाहेबांनी चष्मा वर केला.

"फिर्यादी तुम्हीच ना?"

"हा, साहेब."

"मग यांना जामीन कसे राहता?"

"डोकं फुटलं साहेब, भाऊ थोडाच फुटलाय!"

*

मोहोपाड्याचा एक कामगार. रसायनीच्या कारखान्यात उभा जन्म गेला. अपीलवर जामीन मिळाला, पण अट पडली की निकाल लागेपर्यंत खालापूर तालुक्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणून तो कर्जतला बहिणीकडं राहिला. मोहोपाडा खालापूर तालुक्यातच, घर एवढ्याशा अंतरावर, पण जाता येत नाही.

रविवारी बायको भेटायला यायची. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "माजी गोधडी घेऊन ये. आनि धुऊ नको गं, वास जाईल!"

वास कसला, तर केमिकलचा! ज्या वासाला आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याच्याशिवाय याला झोप येईना. बहिणीनं माझ्याकडं तक्रार केली, "वकीलबाई, सगलं घर नाक धरून बसलंय!" रफीकवकील म्हणाले, "माणसानं तालुक्यात जायचं नाही एवढीच अट आहे. तालुक्यानं माणसाकडं यायचं नाही असं कुठं म्हटलंय?"

*

आणि हौसाकाकू.

काका एका फार्महाऊसवर वॉचमन होते. पाण्याच्या पंपाच्या चोरीत अडकले, शिक्षा झाली, अपीलवर सुटले. अपिलाची पाळी येण्याआधीच तापानं गेले. मी काकूंना म्हटलं, "आता अपील सोडून दिलं तरी चालेल." त्या म्हणाल्या, "चोर म्हनून गेला असं नको व्हायला." मग काकूंच्या नावानं अर्ज केला. अपील पुढं चालू राहिलं.

वरच्या कोर्टात पहिल्या तारखेला शिपायानं दारात येऊन पुकारा केला, "बाळाराम हाजिर हैऽऽ!" अर्जानंतरही काकांचंच नाव पुकारलं गेलं. मी सांगायला उठणार, तोवर काकू डोक्यावरचा पदर सारखा करत उभ्या राहिल्या.

"हाय!"

"अहो काकू, तुम्ही नाही," मी म्हटलं. "तो काकांना बोलवतोय."

"मंग बोलव की बाला, परत एकदा," काकू शिपायाला म्हणाल्या.

शिपाई माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं खरंच पुन्हा पुकारा केला, जरा हळू आवाजात.

त्यानंतर मी कितीदा सांगितलं, प्रत्येक तारखेला यायची गरज नाही, मी आहे. पण काकू पहिल्या गाडीनं यायच्या. धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. पुकारा होईपर्यंत दाराकडं बघत बसायच्या. झाला की पिशवी उचलून घरी.

शेवटी निकाल लागला. बाहेर येऊन मी त्यांचे दोन्ही हात धरले. "काकू, जिंकलो! काका निर्दोष! केस संपली!"

रफीकवकिलांनी पेढे आणले होते. काकूंनी पेढा कपाळाला लावला आणि तसाच हातात धरून विचारलं,

"म्हंजे आता त्यांचं नाव कोनी पुकारनार नाय?"