'हाय' आणि 'होतं'

सांगलीत गुरुजींच्या हाताखालून गेलेली दोन माणसं कुठं भेटली, की पहिला चहा गार होतो आणि दुसरा सांगावा लागतो. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याच्या तोंडी दोन तयार! मी तर साठ सालानंतरची ती सगळी वर्षं छापखान्यात प्रुफं वाचायला होतो. माझ्याकडं किती असतील ते विचारूच नका.

गुरुजी म्हणजे मराठी शाळेतनं रिटायर झालेले मास्तर. दर रविवारी आमच्या छापखान्याच्या मागल्या खोलीत बसायचे. कुणाचं पुस्तक अर्ध्यावर अडकलं, की त्याला समोर बसवून ते पुरं करून घ्यायचे. हातात तांबडी पेन्सिल आणि तोंडात एकच शब्द, "पुढं?"

*

एक सुभेदार लढाईच्या आठवणी लिहीत होते. 'आमच्या शूर जवानांनी प्राणांची बाजी लावली,' असं झोकात वाक्य. गुरुजींनी सरळ काट मारली.

"नावं लिहा."

"कुणाची?"

"बाजी लावली त्यांची."

सुभेदार लिहायला बसले. जरा वेळानं उठले, बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं, परत आले आणि म्हणाले, "मास्तर, लढाई सोपी होती हो!"

*

गावात एका पुढाऱ्याची शोकसभा होती. वक्ता रंगात आलेला. "आप्पा गेले म्हणता? आप्पा आजही आपल्यात आहेत!"

मागनं खणखणीत आवाज आला, "होते!"

सगळी सभा वळून बघायला लागली. मी गुरुजींच्या शेजारी बसलेलो, मेल्याहून मेल्यासारखं झालं! परतताना मी चिडून बोललो, तर म्हणाले, "वर्तमानकाळ लावून माणूस परत येत नाही. वाक्य तेवढं बिघडतं."

*

पुढं त्यांची बायको वारली. दहाव्याला घाटावर आम्ही चारच माणसं होतो. भटजींनी सहज विचारलं, "वहिनींना काय आवडतं? तेही ठेवू पिंडापाशी."

"आवडायचं," गुरुजी म्हणाले. "फणस आवडायचा."

भटजी वरमले. मला त्या दिवशी या माणसाचा खरंच राग आला. काळीज आहे की व्याकरणाचं पुस्तक!

*

आणि मग धोंडिबा आला. पाटणच्या वरल्या अंगाचा, कोयनाकाठचा. गाव धरणात गेलं, बदली जमीन मिळाली ती विट्याच्या पलीकडं माळावर. शेजारीपाजारी कुठं कुठं पांगले. "आमच्या पोरास्नी कळाय नगं, आमी कुठलं त्ये?" म्हणून हा गावाचं पुस्तक लिहीत होता.

पहिलंच पान – 'आमच्या गावात मारुतीचं देऊळ हाय. देवळाम्होरं पार हाय. पारावर पिंपळ हाय.'

मला वाटलं, गुरुजी आता 'हाय'चं 'आहे' करणार. त्यांनी 'होतं' केलं.

"गाव कुठं आहे तुमचं?"

"पान्यात."

"मग होतं."

"व्हय जी," धोंडिबा म्हणाला. पुढल्या रविवारी पानं आणली, तर पुन्हा सगळीकडं हाय, हाय, हाय! गुरुजींनी एवढ्या जोरात खोडलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. मी धोंडिबाला बाजूला घेऊन म्हणालो, "सोड की गड्या तो हट्ट."

"तुमास्नी न्हाई कळायचं," एवढंच बोलला.

*

पुस्तक शेवटाला आलं आणि तिथंच थांबलं. गुरुजी म्हणायचे, "पाणी आलं तो दिवस लिहा. त्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही." धोंडिबा भाताची लावणी लिहून आणायचा, म्हशी लिहून आणायचा, फणस तर तीनदा आणले!

"धोंडिबा, पाणी कधी येणार?"

"यील की," तो खाली बघत म्हणायचा. मग त्यानं येणंच बंद केलं. गुरुजी चिडले आणि मला घेऊन एस.टी.त बसले.

*

माळावर पत्र्याच्या खोल्या, झाडाचं नाव नाही. धोंडिबानं आम्हाला दारातच अडवलं. दबक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, आईला ठावं न्हाई."

म्हातारी आजारी होती, म्हणून तिला गावातनं सगळ्यांच्या आधी ट्रकनं आणलेलं. तिचे डोळेही गेलेले. 'बरी झालीस की माघारी जाऊ,' असं पोरानं सांगितलं होतं. तेव्हापासून लिहिलेलं प्रत्येक पान तो तिला वाचून दाखवत होता.

"आता तिचं काय खरं न्हाई. ती रोज म्हनती, म्होरलं वाच. पानी कसं वाचू, गुरुजी?"

आतनं आवाज आला, "कोन आलंय रं?"

"पुस्तकाचं गुरुजी, आई."

"आत या की." म्हातारी बाजेवर चिपाडासारखी पडलेली. आवाजाच्या रोखानं तोंड वळवून म्हणाली, "आवं गुरुजी, पारावरला आमचा पिंपळ हाय का वो अजून? ह्यो म्हनतो हाय. पर ह्यो माजाच ल्योक, मला बरं वाटावं म्हनून बोलत आसंल. तुमी शिकल्यालं मानूस. तुमी सांगा."

गुरुजींचा हात खिशातल्या पेन्सिलीवर गेला आणि तिथंच राहिला. या माणसाला मी ओळखत होतो ना!

गुरुजी बाजेजवळ जमिनीवर बसले. म्हातारीचा हात हातात घेतला.

"हाय, आई," गुरुजी म्हणाले. "लय वाढलाय."