बाबांनी आज निकेल मान्य केलं

नानाकाका आत्ताच गेले. मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

बाबा रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नानाकाका त्यांचे जुने मित्र, मिरजोळ्याला प्लेटिंगचं, म्हणजे धातूंवर मुलामा चढवायचं वर्कशॉप चालवायचे. दोघांना वेड कोल्ड फ्यूजनचं, म्हणजे साध्या तापमानाला, टेबलावरच्या भांड्यात अणूंपासून ऊर्जा मिळवायचं. बहुतेक जगाने तो नाद सोडला, यांनी नाही. बाबा म्हणायचे, यंत्र पेल्याएवढंच हवं आणि धातू पॅलेडियमच. काका म्हणायचे, निकेल घे आणि पिंपाएवढं कर. माझं बालपण हे भांडण ऐकण्यात गेलं.

हल्ली बाबा विसरतात. डॉक्टरांनी आजाराचं नावही सांगितलंय, पण काका मानायला तयार नव्हते. "माझ्याशी वाद घालतो ना? मग डोकं शाबूत आहे त्याचं."

आज दुपारी काका नेहमीसारखे ओटीवर येऊन बसले आणि म्हणाले, "मग, निकेलच घ्यायचं ना?"

बाबा हसले. "घेऊ की."

काका थबकले. "आणि पिंपाएवढं करायचं हां."

"करू."

मग काका मुद्दामच म्हणाले, "नाहीतर धातू तरी कशाला? नारळाच्या करवंट्या घालू."

"चालेल. तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी समोरचा चहा घेतलाच नाही. मी गेटपर्यंत सोडायला गेले, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंकलो गं मी."

काका उद्या पुन्हा येणार आहेत. बाबा चिडतील असं काय बोलावं, कोणाला सुचतंय का?