सिग्नलपाशी उतरलेल्या सासूबाई

आमच्या घरात जर्मन लायसन्स फक्त माझ्याकडे आहे. नवरा गाडीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा वळताना खांद्यावरून मागे न बघितल्याबद्दल. त्यामुळे डार्मश्टाटहून कुठेही जायचं तर गाडी मी चालवते, आणि तो शेजारी बसून मला सांगतो, मागे बघ.

त्या हिवाळ्यात सासूबाई आणि सासरे नागपूरहून आमच्याकडे आले होते. सासऱ्यांनी शाळेत मुख्याध्यापक म्हणून बरीच वर्षं काढलेली. घरात कोणी काही विचारलं की उत्तर तेच देतात, प्रश्न कोणालाही असो. दोघांना बर्फ दाखवायचा होता, आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला नवी श्लिटन, म्हणजे बर्फावरची लाकडी घसरगाडी, चालवायची होती. म्हणून ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका डोंगरी गावात जायचं ठरलं. गावाच्या वर चांगला उतार आहे, असं नवऱ्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं.

निघायलाच उशीर झाला. सासूबाई पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या. पोळ्या, कोरडं बेसन, ठेचा, चिवडा, चहाचा थर्मास असं सगळं डिकीत गेल्यावर श्लिटन बसेना. ती शेवटी मागच्या सीटवर आजी-आजोबांच्या पायाशी आडवी गेली. ऑटोबानवर लागल्यापासून प्रत्येकाला माझ्याशीच बोलायचं होतं. नवरा लेन सांगत होता. सासरे मागून विचारत होते की समोरची गाडी एवढी पुढे गेली, आपण का नाही. मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं जर्मनमध्ये उत्तर देत होती आणि पोहोचायला किती वेळ आहे ते परत परत विचारत होती. सासूबाई तेवढ्या गप्प होत्या.

वाटेत एका पेट्रोल पंपाशी मी वेग कमी केला आणि कोणाला बाथरूमला जायचंय का, असं विचारलं. सासरे म्हणाले, नाही, कोणाला नाही, चला पुढे. मी पुढे गेले.

गावात शिरलो आणि अडकलो. मुख्य रस्ता अर्धा खोदून ठेवलेला होता. सुट्टी असल्याने काम करायला कोणी नव्हतं, पण तात्पुरता सिग्नल चालू होता. एकदा हिरवा झाला की तीन-चार गाड्या सुटायच्या आणि लगेच लाल. पुढे सगळी श्लिटन घेऊन निघालेली कुटुंबं. दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, त्यामागे बंद दुकानं आणि एकसारखी दिसणारी लाकडी घरं. आम्ही फुटाफुटाने सरकत होतो. नवरा म्हणाला, सकाळी लवकर निघायला हवं होतं. मी बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि भांडायलाही मला रस्त्यावरची नजर काढता येत नव्हती.

आमच्या पुढे एकच गाडी राहिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मला उतरायचंय. नवऱ्याने मागे न बघता त्यांना सांगितलं की आता वर पोहोचतोच आहोत, तिथे सगळी सोय असेल. त्यांनी ऐकून घेतलं, श्लिटनवरून पाय काढला, दार उघडलं आणि उतरल्या. पातळावर माझा जुना जाड कोट, पायात कॅनव्हासचे बूट. बर्फाच्या ढिगामधल्या फटीतून त्या नीट समोरच्या घराकडे चालू लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना डायबिटीस आहे, गोळ्या चालू आहेत, सारखं बाथरूमला जावं लागतं. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता तो याच धास्तीने.

नवरा त्यांच्यामागे पळाला, स्वेटरवरच. आणि सिग्नल हिरवा झाला.

मागच्याने हॉर्न वाजवला. मी थांबले, तर त्याच्या मागच्यानेही वाजवला. मला पुढे जावंच लागलं. पुढचा रस्ता थेट डोंगर चढत गेला, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती, गाडी वळवायला जागा नाही. वर पार्किंगपाशी पिवळ्या जॅकेटमधला माणूस होता. मी काच खाली करून त्याला सांगू लागले की मला आत यायचं नाही, वळायचंय, माझी सासू खाली राहिली आहे. रागात माझं जर्मन आधी पळून जातं. मी काहीतरी बोलले, आणि मागून मुलगी म्हणाली, "माइने, मामा. निष्ट माइन." 'माझा' नाही, 'माझी'; सासू या शब्दाचं लिंग मी चुकवलं होतं. आपली नात आईला मामा म्हणते, हे सासऱ्यांना अजून रुचलेलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी तेही चालवून घेतलं. पिवळ्या जॅकेटवाल्याने शांतपणे सांगितलं की रस्ता एकेरी आहे, पलीकडून उतरा. उताराच्या जवळून जाताना मुलीला श्लिटनवरून खाली येणारी पोरं दिसली आणि ती रडायला लागली.

पलीकडचा रस्ता गावाला मोठा वळसा घालून पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाशी येऊन मिळाला. नवऱ्याला फोन करावा, तर त्याचा फोन माझ्यासमोर स्टँडमध्ये रस्ता दाखवत होता. त्यात बाबा, म्हणजे सासरे, म्हणाले, "ती असं कधी करत नाही. काय झालं तिला एकाएकी?"

"एकाएकी नाही झालं, बाबा," मी म्हणाले. "मी पंपापाशी विचारलं होतं. त्यांच्या वतीने तुम्ही नाही म्हणालात. त्यांना बोलूच दिलं नाहीत."

माझा आवाज चढला होता. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्याशी मी अशी कधी बोलले नव्हते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मुलगी रडायची थांबली.

घर ओळखू आलं ते नवऱ्यामुळे. तो फुटपाथवर हात काखेत घालून उभा होता, नाक लाल झालेलं. तो आत का नाही गेला असं विचारलं, तर म्हणाला, अनोळखी माणसाच्या घरात असं कसं जायचं, इथे बरं दिसत नाही. मी गाडी अर्धी फुटपाथवर चढवली, धोक्याचे दिवे लावले आणि बेल दाबली.

एका म्हाताऱ्या बाईने दार उघडलं. आत पॅसेजमध्ये बाकावर सासूबाई बसल्या होत्या. बूट काढून नीट भिंतीला लावलेले, पायांत त्या बाईच्या लोकरी सपाता, हातात वाफाळता कप. बाईने मला सांगितलं की भाषा कळली नाही, पण चेहरा बघून कळलं. मी आभार मानले, माफी मागितली, आणि सासूबाईंना घाई केली.

"इतकी काय घाई करून राहिली तू?" त्या म्हणाल्या. "बस जरा. पहा, चेहरा कसा झाला तुझा."

मी म्हटलं, गाडी रस्त्यात उभी आहे, बसता येत नाही. मग बूट घालता घालता खाली बघत त्या म्हणाल्या, "मी तुलेच सांगणार होती. पण तू गाडी चालवून राहिली, अन् सगळे तुझ्याच कानाशी बोलून राहिले. त्यात मी अजून कुठं बोलू?"

राग तर होताच, पण तो आता नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. निघताना सासूबाईंनी त्या बाईला हात जोडून जय भीम केला. बाईनेही हात जोडले आणि निरोपाचं च्यूस म्हणाली.

उतारावर जाणं मग झालंच नाही. रांग सोडल्यामुळे पुन्हा शेपटापासून लागायचं म्हणजे वर पोहोचेपर्यंत अंधार पडला असता. मी सरळ परतीचा रस्ता धरला. मुलीने जर्मनमध्ये मला ऐकवलं की मी वचन मोडलं, आणि ते खरंच होतं. सासूबाई आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. नवरा मागे श्लिटनवर पाय दुमडून बसला. सासूबाईंनी पोळीत बेसन गुंडाळून मला एकेक घास चालत्या गाडीत भरवला. भूक खूप लागली होती. खाताना माझे डोळे भरून आले, आणि त्याचाही मला वैतागच आला, कारण रस्ता धूसर दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात सासरे आणि मी दोघंच होतो. त्यांनी चहा संपवला, कप बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काल तू माझ्यावर ओरडलीस."

"हो," मी म्हणाले.

ते थोडं थांबले, बहुतेक मी माफी मागेन म्हणून. मी माझा चहा गाळून घेतला. मग त्यांनी कप उचलून सिंकमध्ये नेला, विसळला, आणि आत जाऊन सासूबाईंना विचारलं की आज बाहेर जायचंय की घरीच थांबायचंय. त्या घरीच म्हणाल्या.