मी सांगितलेला पत्ता ओहायोचा होता

आधीच सांगते — अंगात येणं, उतारे, दृष्ट काढणं, यातलं मी काहीच मानत नाही. शाळा नववीत सुटली म्हणून लोकांना वाटतं, ही असलं सगळं मानत असेल. उलट बार्शीला आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्याच मुलीशेजारी बसून तोंडात पदर कोंबून हसायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय...

१९९१ चा फेब्रुवारी. इंग्लंडला, मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्याआधी चार वर्षं ओहायोला होतो, अमेरिकेत. ह्यांच्या कंपनीने दोन वर्षांसाठी इकडे पाठवलं. आमच्या मुलीचा, सोनलचा, जन्म तिकडचा, पासपोर्ट अमेरिकन, म्हणून शेजारच्या मॉरीनबाई आम्हाला 'अवर अमेरिकन्स' म्हणायच्या — मी साडी नेसून दारात उभी असले तरी. मी 'डायपर' म्हटलं की "नॅपी, लव्ह, नॅपी" असं दुरुस्त करायच्या. फार चांगली बाई. दिवसा मात्र कामाला असायची.

आमचं घर सापडणं म्हणजे दिव्य. सगळे गोल चौक, राउंडअबाउट, सारखे, आणि आमच्या रस्त्यावर वीस नंबरनंतर एकदम एकेचाळीस. पहिल्या आठवड्यात हे स्वतःच दोनदा चुकले. टॅक्सीच्या ऑफिसातून घर कुठे म्हणून फोन यायचा आणि मी घाबरून तो ह्यांच्या हातात द्यायचे.

माझं इंग्लिश तेव्हा पाठांतराचं. ओहायोला ह्यांनी मला फोनपाशी उभं करून घोकून घेतलं होतं — काही झालं तर नऊ-एक-एक लावायचा, नाव सांगायचं, पत्ता सांगायचा. रोज संध्याकाळी परीक्षा. "झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे," म्हणायचे. इकडे आल्यावर ती नवी घोकंपट्टी राहूनच गेली. इकडचा नंबर वेगळा असतो, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

त्या दिवशी सोनलला सकाळपासून ताप. वीस महिन्यांची होती. मला आपलं एकच माहीत, तापात थंडी लागू द्यायची नाही. दोन स्वेटर, वर टोपी, वर ब्लँकेट. दुपारी अडीचच्या सुमारास माझ्या मांडीवर ती एकदम ताठ झाली. डोळे वर गेले. मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळसर...

मी धावत फोनपाशी गेले. नऊ, एक, एक. हे मला पक्कं आठवतं, कारण दुसरा नंबर मला येतच नव्हता.

फोन एका बाईने उचलला. आवाज शांत, थोडा दमलेला. मी नाव सांगितलं, "बेबी, बेबी शेकिंग" म्हटलं आणि पत्ता सांगितला. ओहायोचा. अपार्टमेंट नंबरपासून झिपकोडपर्यंत, एका दमात, परीक्षेत सांगायचे तसा. सांगून झाल्यावर माझं मलाच कळलं की हे चुकलं, पण दुसरा पत्ता जिभेवर येईना. रस्त्याचं नावसुद्धा आठवेना. मी रडायला लागले.

ती म्हणाली, असू दे, कळलं मला. आधी तिचं ब्लँकेट काढ. स्वेटर काढ. कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस.

ती हे इंग्लिशमध्ये म्हणाली की मराठीत, ते मला आजही सांगता येत नाही. एरवी फोनवरचं निम्मं इंग्लिश माझ्या डोक्यावरून जायचं. त्या दिवशी शब्द न् शब्द कळला. मी फोन तसाच खाली टाकला आणि ती म्हणाली तसं केलं. झटके थांबले. सोनल ढिली पडली, पण श्वास चालू होता.

नंतर किती वेळ गेला कोण जाणे. मागचं फाटक वाजलं आणि हिरव्या कपड्यातले दोघं स्वयंपाकघराच्या दारातून आत आले. अँब्युलन्सवाले. पुढच्या दाराला मी साखळी लावलेली असायची — एकटी असले की लावायचेच. मागून फक्त पायवाट. त्या वाटेने आमच्याकडे तोवर कोणी आलं नव्हतं.

दोघांतला वयाने मोठा होता त्याने सोनलला तपासलं, ऑक्सिजन लावला. एकेक शब्द सुटा करून माझ्याशी बोलत होता. "शी... विल... बी... फाइन, मम." मग इकडेतिकडे बघून विचारलं, "तुमची फ्रेंड कुठे गेली?"

"कुठली फ्रेंड?"

"जिने फोन केला ती. म्हणाली, पुढे साखळी आहे, मागून जा. आईला इंग्लिश कमी येतं, सावकाश बोला."

मी म्हटलं, घरात मी एकटीच आहे. फोन मी केला. तो हसला, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "ओके, लव्ह."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, तापातली फिट आहे, लहान मुलांना येते, घाबरू नका. कपडे काढलेत हे फार बरं केलंत. मी मान खाली घातली. काढायला कोणी सांगितलं, हे कसं सांगणार?

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू इकडचा नऊ-नऊ-नऊच लावला असशील. आणि पत्ताही बरोबर सांगितला असशील."

"अहो, मला तो नंबर माहीत तरी होता का? तुम्ही सांगितला होता कधी?"

मग म्हणाले, "नाही. चुकलंच माझं."

दोन दिवसांनी त्यांनी अँब्युलन्सच्या ऑफिसला फोन केला. तिथे नोंद होती. आमच्याच घरच्या फोनवरून, एका बाईने, पोस्टकोडसकट अचूक पत्ता दिलेला. फोन करणाऱ्याचं नातं — फ्रेंड. तो पोस्टकोड ह्यांनाही डायरी बघून सांगावा लागायचा. मॉरीनबाई कामावर होत्या. दुसरं कोणी आम्हाला ओळखतच नव्हतं.

आता सोनल आठ वर्षांची आहे, धडधाकट आहे. ती दोन वर्षं संपली तरी आम्ही इथेच राहिलो. ह्यांचं म्हणणं तेच, की भीतीने माणूस काय बोलला ते विसरतो. असेल. मीही तसंच मानायचा प्रयत्न करते. पण मग तो अँब्युलन्सवाला मला फ्रेंड कुठे गेली असं का विचारत होता?

एक गोष्ट ह्यांना मी सांगितलेली नाही. सोनलला घरी आणलं त्या दिवशी हे अंघोळीला गेलेले असताना मी पुन्हा नऊ-एक-एक लावून बघितला. नुसता एक लांबलचक सूर आला, बंद नंबरला येतो तसा. पलीकडे कोणी नव्हतं. तरी मी बोलले, मराठीतच. म्हटलं, "बाई, पोरगी बरी आहे. आज वरणभात खाल्ला तिने."

सूर तसाच चालू राहिला. वरचा नळ बंद झाल्याचा आवाज आला तसा मी फोन ठेवून दिला.