टाकी कुणी उपसली

तात्यांनी झाकून ठेवलेलं मशीन कधी अडून बसत नाही, असं यार्डात सगळे म्हणायचे. वर्षातले चार महिने काम बंद असे. तेवढ्या मुदतीसाठी खोदकामाची अवजड मशीनं नीट झाकून-पाकून ठेवणं, एकतीस वर्षं तात्यांनी याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. साखळ्यांतला चिखल ते खरवडून काढत, मशीन लाकडी ओंडक्यांवर चढवत, चकचकीत दांड्यांना बोटांनी ग्रीस फासत, बॅटरी काढून घेत, धुराड्याच्या तोंडावर डबा उपडा घालत. सगळ्यात शेवटी डिझेलची टाकी गळ्यापर्यंत भरत.

"रिकाम्या टाकीला आतून घाम फुटतो," ते म्हणत. "ते पाणी इंजिनात गेलं की संपलं."

त्या वर्षी त्यांचा जावई यार्डाचा मॅनेजर झाला. तात्यांनीच मालकांचे उंबरे झिजवून त्याला तिथे चिकटवला होता. लेकही तिथेच हजेरी लिहायला होती.

"तात्या, यंदा टाक्या उपसून टाका," जावई म्हणाला. "भरल्या टाकीवर चोरांचा डोळा असतो."

"जावईबापू, पाणी धरेल हो."

"मॅनेजर कोण? तुम्ही की मी?"

लेकीने ऐकलं, पण हजेरीवरची मान काही वर केली नाही. ज्याच्या घरात लेक दिली त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही, हे तात्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी टाक्या उपसल्या. जाणूनबुजून वाईट काम केलं ते आयुष्यात तेवढं एकदा, आणि तेही जावयाचा मान राखायला.

चार महिन्यांनी मालकांसमोर मोठं मशीन सुरू करायला घेतलं. ते दोनदा खोकलं आणि गप्प झालं. फिल्टर उघडला, तर तळाशी बोटभर पाणी.

"टाकी कुणी उपसली?" मालकांनी विचारलं.

जावयाने सुस्कारा सोडला. "काय बोलू मालक? सासरे पडले. मी तर भरायलाच सांगितलं होतं."

तात्यांना आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. मग ते ओरडले, "धादांत खोटं! पोरीला विचारा. तिच्यासमोर सांगितलंय."

लेकीला बोलावलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं नाही.

"मालक, बाबांना हल्ली आठवत नाही," ती म्हणाली. आणि कुणी विचारलं नसताना वर म्हणाली, "घरी गॅस चालूच ठेवतात."

मालक भला माणूस. लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, "तात्या, आज वार कोणता?"

तात्या संतापाच्या भरात बोलून गेले, "बुधवार!"

गुरुवार होता. वेल्डर फिसकन हसला.

"अहो, विश्रांती घ्या आता," मालक म्हणाले.

जावयाने मात्र त्यांना लगेच सोडलं नाही. "जाता जाता टाकी तेवढी साफ करून द्या. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही." तात्यांनी खांद्यापर्यंत हात आत घालून टाकी पुसून काढली.

ते राहत लेकीकडेच. संध्याकाळी भाजी चिरणाऱ्या लेकीला त्यांनी विचारलं, "असं का बोललीस गं?"

"मग काय यांची नोकरी घालवू? पोरं लहान आहेत माझी. तुमचं काय, तुमचं झालं सगळं."

पण एकदा बोललेलं निभवावं लागतं. ती जिन्यात शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी त्यांच्याशी मोठ्याने बोलू लागली. गॅसच्या बटणांवर तिने 'बंद करा' लिहिलेले कागद चिकटवले. रविवारी शेजारीण येऊन बसली. दोघींचे कप भरले. तात्या सकाळपासून चहाची वाट बघत होते.

"मला देतेस का घोटभर?"

"बाबा, आत्ताच तर घेतलात!"

"कधी?"

"बघा ना," लेक शेजारणीला म्हणाली, "कप विसळून ठेवला मी, तरी हेच."

"कसं गं करतेस तू सगळं," शेजारीण कळवळली.

तात्यांनी मान खाली घातली आणि कुणाला दिसणार नाही अशी ओठांवरून जीभ फिरवली. गोड लागतंय का, ते बघायला.