मोत्यांवरचा हात

आमच्या मंडळाच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि दरवर्षी प्रॉम्प्टर मीच असायचे. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकी. नटमंडळी दिवसभर कॉम्प्युटर चिप्सच्या कंपन्यांत राबून संध्याकाळी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये तालमीला जमत, आणि त्यांचं लक्ष पाठांतरापेक्षा बटाटेवड्यांकडे जास्त असे. मग प्रयोगाच्या दिवशी शाळेच्या कॅफेटेरियात पडद्याआड उभी राहून मी अख्खं नाटक पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत वाचायचे. नटांनी ते फक्त मोठ्यानं पुन्हा म्हणायचं. पुढच्या तीन रांगांना नाटक दोनदा ऐकायला मिळे. एका वर्षी एक काका मध्यंतरात येऊन म्हणाले, "सगळ्यात छान काम तुमचं झालं हं!" आणि ते मला खरंच वाटलं. दुसरं खरं वाटण्यासारखं तेव्हा माझ्याकडे काही नव्हतंही. कामाचं परमिट नाही, ड्रायव्हिंग येत नाही, नवरा सकाळी कंपनीत गेला की मी आणि ते दोन खोल्यांचं अपार्टमेंट.

बाई मला भेटल्या त्या खालच्या लॉन्ड्री रूममध्ये. पांढरे केस नीट मागे बांधलेली एक म्हातारी इंग्रज बाई फिरत्या ड्रायरकडे तोंड करून कुणाला तरी खडसावत होती. कपड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर एक पुस्तक उघडं होतं. बोलता बोलता ती अडली. एकदा, दोनदा, तेच वाक्य अर्ध्यावर. माझी जित्याची खोड. मी पुस्तकात डोकावले आणि पुढचं वाक्य दबक्या पण खणखणीत आवाजात तिच्याकडे फेकलं.

ती वळली. मला वाटलं, आता शिव्या बसणार.

"तुझा आवाज पोचतो," ती म्हणाली. "कुठे शिकलीस?"

मी सांगितलं की मी आमच्या लोकांच्या नाटकात प्रॉम्प्टिंग करते. हे सांगताना माझी मान किती ताठ झाली होती ते आठवलं की आजही लाज वाटते. त्या दिवसापासून रोज दुपारी मी खालच्या मजल्यावर त्यांच्याकडे जाऊ लागले. त्या मला 'डिअर' म्हणत. मी मनातल्या मनात त्यांना बाई म्हणायचे, आपल्याकडे नाटकातल्या मोठ्या नटीला म्हणतात तसं. तोंडावर काय म्हणायचं हे मला कधीच ठरवता आलं नाही.

त्यांचं आयुष्य मला चहाबरोबर तुकड्यातुकड्यांनी कळलं. इंग्लंडच्या उत्तरेला एका बंदराच्या गावात जन्म, वडील पाववाले. सोळाव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरल्या, सुरुवातीला नुसती कपड्यांना इस्त्री करायला. त्या कंपनीत दर आठवड्याला नवं नाटक. संध्याकाळी एकाचा प्रयोग, सकाळी दुसऱ्याची तालीम, दुपारी तिसऱ्याचं पाठांतर. "डोक्यात एका वेळी तीन नाटकं असायची," त्या सांगत, "पण एकातलं वाक्य दुसऱ्यात कधी गेलं नाही." युद्धाच्या काळात कारखान्यांतून, छावण्यांतून प्रयोग केले. मग लंडनच्या रंगभूमीवर मोठ्या भूमिका मिळाल्या, त्याही दोनच वर्षं. पुढे सिनेमा. सिनेमानं त्यांचा चेहरा बघितला आणि ठरवलं की ही बहीण. नायिकेची बहीण, पाद्र्याची बहीण, एकदा तर खुन्याची बहीण. एका सिनेमासाठी कॅलिफोर्नियात आल्या आणि एडिटिंगच्या टेबलावर त्यांची भूमिका कापली गेली. उरलं ते फक्त जिन्यावरून उतरणं. परत जाऊन लोकांना काय तोंड दाखवायचं म्हणून इथेच राहिल्या, एका कॅमेरामनशी लग्न केलं, आणि पुढची वीस वर्षं टीव्हीवर इंग्लिश हाउसकीपर झाल्या. "या देशात मी इतके चहाचे ट्रे उचलले," त्या म्हणायच्या, "आणि चांगला चहा एकदाही मिळाला नाही." हे माझा उकळलेला चहा पिता पिता. कॅमेरामन नवऱ्यानं उतारवयात विमानांच्या एका कारखान्यात ट्रेनिंगच्या फिल्म काढायची नोकरी धरली, म्हणून सनीव्हेल. तो गेला, त्या राहिल्या. मूलबाळ नव्हतं.

आता कित्येक वर्षांनी त्यांना स्टेज मिळालं होतं. गावातली एक हौशी नाटक मंडळी जुन्या चर्चच्या हॉलमध्ये तीन रविवार दुपारचे प्रयोग करणार होती. बाईंना आईची भूमिका होती. मुलगा बोटीवर गेलेला, आई रोज टेबलाशी चार खुर्च्या मांडते, आणि शेवटी मुलगी येऊन सांगते की बोट येणार नाही. त्यावर बाई काहीच बोलत नाहीत. मग एकच वाक्य म्हणतात: "मग चौथी खुर्ची भिंतीला लावून ठेव." तिथे पडदा.

त्यांच्या घरी पहिल्याच तालमीत मुलीचं वाक्य मी वाचलं, बाई गप्प झाल्या, आणि मी लगेच सांगितलं, "मग चौथी खुर्ची..."

बाईंनी काठी जमिनीवर आपटली. "मला येतंय ते! ती माझी शांतता आहे. माझी! वीस वर्षं मी ट्रे उचलले ते या शांततेसाठी, आणि तू ती खाऊन टाकतेस?"

मला समजेचना. आमच्याकडे नट थांबला म्हणजे तो विसरला, दुसरं काही असूच शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. शेवटी बाईंनी हात टेकले आणि एक खूण ठरवली. त्यांच्या गळ्यात कायम मोत्यांची एक माळ असे. त्या म्हणाल्या, "वाक्य हवं असेल तर मी डावा हात मोत्यांवर ठेवीन. हात मोत्यांवर नसेल तर जग बुडालं तरी तू बोलायचं नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. तेव्हापासून मी त्यांच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि हाताकडे बघायला शिकले. शेवटच्या शांततेत मी मनात आकडे मोजायचे. साताला वाक्य यायचं. रोज साताला. त्या सात आकड्यांत त्या खुर्चीकडे बघत, आणि खुर्चीत कोणी नाही हे मला उभ्या उभ्या कळे. इतके दिवस नाटकं 'केली' आणि नाटक म्हणजे काय ते मी त्या पडदे ओढलेल्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं.

पण बाकीच्या वाक्यांना हात मोत्यांवर जाऊ लागला होता. आधी एखाद्या वेळी, मग दर पानाला. एकदा त्यांची किटली कोरडी जळून काळी झालेली मी पाहिली. एकदा त्या जिना चढून माझ्या दाराशी आल्या आणि हसत हसत विचारलं, "डिअर, माझं दार कुठलं?" मी हाताला धरून खाली नेलं. दाराशी त्यांनी माझा हात सोडला नाही.

"कुणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "डायरेक्टरला कळलं तर ती भूमिका काढून घेईल. चांगली मुलगी आहे, रडत रडत काढून घेईल. मला हे तीन रविवार दे. नंतर मी सगळं विसरले तरी चालेल."

तीन रविवार देणारी मी कोण? पण मी हो म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, हे सीरियस आहे. डॉक्टरला दाखवायला हवं. तू यात इन्व्हॉल्व्ह होऊ नकोस यार." त्याचं बरोबर होतं. पण कुणाला कळवायचं? बाईंच्या नवऱ्याची एक बहीण सॅक्रामेंटोला होती, तिचा नंबरही बाईंनी मला दिला नव्हता. डॉक्टरकडे न्यायचं तर गाडी मला चालवता येत नव्हती, आणि बाई आल्याही नसत्या. मी एकच गोष्ट करू शकत होते, वाक्यं सांगणं. ती मी जीव ओतून केली. बाईंनी हट्टानं मलाच विंगेत उभं केलं होतं, आणि माझ्या उच्चारांची काळजी करणाऱ्या त्या तरुण डायरेक्टरला म्हणाल्या होत्या, "हिचा आवाज पोचतो."

पहिला रविवार. हॉल भरलेला. नवरा मागच्या रांगेत कॅमेरा घेऊन. पहिल्या अंकात हात चार वेळा मोत्यांवर गेला, चारही वेळा मी वाक्य असं पोचवलं की पहिल्या रांगेलाही कळलं नाही. दुसऱ्या अंकात सहा वेळा. माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता, पण मी खूश होते. आता शेवटची तीन मिनिटं. तिथे त्या कधीच अडल्या नव्हत्या.

मुलगी झालेल्या नटीनं बोट येणार नाही असं सांगितलं. बाई गप्प झाल्या. मी मोजायला लागले.

सात झाले. आठ. दहा. हात मांडीवर होता. मला वाटलं, आज प्रेक्षक समोर आहेत, आज बाई शांतता लांबवतायत. समोर एक बाई रुमालानं डोळे टिपत होती. पंधरा. त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, पण तो टेबलक्लॉथच्या कडेवर गेला आणि ती कड चुरगळायला लागला. त्या खुर्चीकडे बघत नव्हत्या. त्या कुठेच बघत नव्हत्या. माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. आयुष्यभर न मागता वाक्यं फेकणारी मी, त्या दिवशी तोंडाला कुलूप लावून उभी होते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला तीन दिवसांचा तो काठीचा आवाज ऐकू येत होता. जग बुडालं तरी बोलायचं नाही. वीस. बावीस.

मुलगी झालेल्या नटीनं विंगेकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई वाक्य विसरल्या होत्या, आणि हात मोत्यांवर ठेवायचा हेही विसरल्या होत्या.

मी वाक्य सांगितलं. बाई माझ्याकडे वळल्या, सगळ्या हॉलदेखत, आणि अनोळखी माणसाशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाल्या, "माफ करा, आपण काही म्हणालात का?"

कोणीतरी हसलं. नटीनं स्वतःच खुर्ची उचलून भिंतीला लावली आणि पडदा पडला. टाळ्या चांगल्या झाल्या. लोक चांगले असतात, त्याचाच मला राग आला.

डायरेक्टर रडत रडत भूमिका काढून घेऊन गेली, बाई म्हणाल्या होत्या अगदी तसंच. जाताना तिनं मला विचारलं, "तुम्ही लगेच का नाही सांगितलंत?" नवरा गाडीत म्हणाला, "तुझी काय चूक? तू सिग्नलची वाट बघत होतीस." माझी चूक होती की नव्हती हे मला आजही ठरवता येत नाही. दहाव्या आकड्याला बोलले असते तर? शपथ मोडून बोलले असते तर निदान तो रविवार तरी त्यांना पुरा मिळाला असता.

महिन्याभरात बाईंची सॅक्रामेंटोची नणंद आली आणि त्यांना तिकडच्या एका नर्सिंग होममध्ये घेऊन गेली. खालचं अपार्टमेंट रंगवून दुसऱ्यांना दिलं गेलं. मी ड्रायव्हिंग शिकायला लागले. दोनदा टेस्ट नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, आणि पहिल्यांदा एकटी हायवेवर गेले ती सॅक्रामेंटोला. त्या वर्षी गणपतीत प्रॉम्प्टिंगला मी नाही म्हटलं होतं. मंडळींनी फार मनधरणी केली.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. केस कुणीतरी कापून बारीक केले होते. गळा मोकळा होता. दागिने हरवतात म्हणून ठेवून दिलेत, असं नर्स म्हणाली. बाईंनी मला ओळखलं नाही. त्या गप्प, मी गप्प. सवयीनं मी मोजायला लागले होते, ते लक्षात आल्यावर थांबले. मग मी त्यांचा डावा हात उचलला, माळ असायची तिथे गळ्यावर ठेवला, आणि हळूच म्हटलं, "मग चौथी खुर्ची भिंतीला लावून ठेव."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नीट पाहिलं, चुकलेल्या पोरीकडे पाहावं तसं.

"छान," त्या म्हणाल्या. "पण घाई केलीस, डिअर."